टेबलाची खालची बाजू

१४ फेब्रुवारी १९३८, सोमवार

गोजरबाई सकाळी सात वाजता गेली. बाळंत होऊन पाचवा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप चढला तो उतरलाच नाही. काल मला म्हणाली, "नर्सबाई, पांघरून काढा ना, लई आग होऊन राह्यली." अंगावर पांघरूण नव्हतंच.

पोरगा ठणठणीत आहे. नवऱ्याने त्याला धडुत्यात गुंडाळलं आणि निघाला. फाटकाशी वळून एकदा खोलीकडे बघितलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

दवाखान्याच्या रजिस्टरात निजामी फसलीचा फरवर्दी, पंचांगात माघ, माझ्या वहीत फेब्रुवारी. तीन तारखा — बाई एकच गेली.

आणि ही दुसरी. पहिली संक्रांतीच्या आधी गेली. पण ती दोन दिवस अडून मग आली होती, म्हणून आम्ही ते दैवावर टाकलं. गोजरबाई तर स्वतःच्या पायांनी चालत आली होती. आता कोणावर टाकायचं?

१५ फेब्रुवारी

आज बाळंतिणींची खोली धुतली. धुतली म्हणजे काय ते लिहून ठेवते, उद्या कोणी विचारलं तर.

चारही लोखंडी खाटा अंगणात उन्हात. गोजरबाईची गादी जाळली, बाकीच्या दिवसभर उन्हाकडे पाठ करून आणि पोट करून. फरशी सोड्याच्या उकळत्या पाण्याने, मग फिनेलने, दोन वेळा. भिंती माझा हात पुरेल तिथपर्यंत लायसोलने. तसराळी, चिमटे, कात्र्या बंबातल्या पाण्यात अर्धा तास खळखळ. दाराच्या कड्या, खिडकीचे गज, औषधाच्या कपाटाची मूठ — हे कोणी पुसत नाही, मी पुसते. बाळंतपणाच्या टेबलावरचा पत्रा नारळाच्या शेंडीने घासून काढला. तोंड दिसेल असा झाला. माझं दिसलं. बघण्यासारखं नव्हतं.

चतुराबाई — आमची आया, पंधरा वर्षं या खोलीत झाडलोट करते — कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुम्ही तं फरशीची कातडी सोलून राह्यल्या!"

म्हटलं, तू बादलीतलं पाणी दर खाटेला बदलत असतीस तर फरशीची कातडी शाबूत राहिली असती. फुगली. पाणी मात्र बदललं!

१७ फेब्रुवारी

लायसोलने बोटांची सालं निघाली. वरणभातालाही त्याचाच वास.

२० फेब्रुवारी, रविवार

घनसावंगीहून उमाच्या नवऱ्याचं, गिरिधररावांचं पत्र. माझ्या उमाला पुढच्या महिनाअखेरीचे दिवस आहेत. "शाळेला सुटी नाही, परंतु पोचवण्याची व्यवस्था करतो. आपल्या हाताखाली बाळंतपण व्हावे अशी तिची आणि माझीही इच्छा आहे." मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आणि वाक्य अर्जासारखं.

खाली उमाची एकच ओळ — "अक्का, या खेपेला तू हवीस."

या खेपेला. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात गेले. आता कुठे नववा लागतोय.

आई गेली तेव्हा उमा चार वर्षांची होती. मी सतराची, नुकतीच पांढऱ्या कपाळाने परत आलेली. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचं लग्न मी उभं केलं. तिचं माहेर म्हणजे मी आणि जालन्याच्या मस्तगडातल्या या दोन खोल्या. ये म्हणायला मला एरवी क्षणभर लागला नसता.

आज दुपारभर पत्र मांडीवर घेऊन बसले. ये म्हणू? ज्या खोलीतून दोन बायका तिरडीवर गेल्या तिथे? आणि नको म्हणू तर तिकडे काय आहे — गवत कापून आणलेल्या विळ्याने नाळ कापणारी सुईण!

शेवटी लिहिलं — ये. पंधरा दिवस आधी ये. खोली मी अशी करून ठेवते की देवघरही लाजेल.

२३ फेब्रुवारी

नंदाबाई बाळंत झाली, पहिलटकरीण, अंबडकडची. मुलगी. माझ्याच हातावर आली. मी उकळून काढल्यासारखे हात धुतले होते. काखेपर्यंत! डॉक्टरीणबाईंनी दोन टाके घातले. त्यांचं नाव दुर्गाबाई. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण टाका घालताना हात असा चालतो की मी बघतच राहते.

टाक्यांवर आयोडीन लावलं तशी नंदाबाई ओरडली, "आई गं, आग!" मी वाकून फुंकर घालत बसले, लेकराच्या गुडघ्यावर घालतो तशी. ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "नर्सबाई, माह्या सासूनं कधी जेवनावर बी अशी फुक मारली न्हाई."

गोड पोरगी आहे. अठराची असेल.

२६ फेब्रुवारी

नंदाबाईला ताप. एकशे दोन.

थर्मामीटर झटकून पुन्हा लावलं. एकशे दोनच.

३ मार्च, गुरुवार

नंदाबाई गेली.

आज काही लिहवत नाही.

४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली की समजावं.

"द्वारकाबाई, ही खोली बंद करू या. बायकांना घरी बाळंत होऊ दे. इथे येऊन मरण्यापेक्षा ते बरं."

मी म्हटलं, घरी मरतात त्या तुमच्या रजिस्टरात येत नाहीत, एवढाच फरक. आवाज चढला माझा. त्यांनी ऐकून घेतलं. मग मीच म्हटलं — तीन आठवडे द्या. काय आहे ते याच खोलीत आहे; कुठल्या तरी भेगेत, कुठल्या तरी कडेला. मी शोधून काढते. सापडलं नाही तर कुलूप मी स्वतः लावीन.

"तुमची बहीण येणार आहे ना?" त्यांनी विचारलं.

होय म्हटलं. त्यांनी खोलीची किल्ली माझ्याकडे सरकवली.

५ मार्च, शनिवार

सापडलं!

सकाळी एकटी खोलीत गेले. दार लावून घेतलं, पदर खोचला आणि फरशीवर उताणी झोपले. बाळंतिणीला जे दिसतं ते बघावं म्हणून आधी खाटेवर झोपले होते, मग सुचलं की खालून कधी कोणी बघितलंच नाही. बाळंतपणाच्या टेबलाखाली सरकले.

वर पत्रा आरशासारखा. खाली लाकूड — आणि त्यावर वर्षानुवर्षांचं वाळलेलं! पत्र्याच्या कडेवरून जे ओघळतं ते आत वळून लाकडाला धरतं. काळी-तपकिरी पुटं, नखाने उचकटली तर पापुद्रे पडतात. पंधरा वर्षं आम्ही या टेबलाची वरची बाजू घासतोय! माझ्या तोंडावर एक पापुद्रा पडला तशी मी किंचाळत बाहेर आले. कडूबा शिपाई धावत आला. त्याला वाटलं साप.

चतुराबाईला बोलावलं. "हे कधी पुसलंस?"

"टेबलाला खालून कोन पुसतं बाई? तुम्ही घरचा पाट उलटा करून घासता का?"

घासते, मी म्हटलं. (घासत नाही. उद्यापासून घासीन.)

तेवढ्यात तिच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. बोटाला चिंधी. "हात दाखव." दाखवेना. मी ओढून चिंधी सोडली. नखुरडं! पिकलेलं, पिवळं. किती दिवस? "झाले की आठ-धा दिस." म्हणजे नंदाबाईच्या वेळी होतं. याच बोटाने तिने नंदाबाईची चादर बदलली, अंग पुसलं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य लिहिते, कारण ते माझ्याच कानात बसलंय — "तुझ्या बोटाने नंदाबाई खाल्ली."

ती मोठ्याने रडली नाही. चिंधी परत गुंडाळली आणि म्हणाली, "मह्या हातानं या खोलीत सातशे लेकरं न्हाली, बाई. ते बी लिव्हा तुमच्या वहीत."

लिहिलं. आणि तिला घरी पाठवलं. बोट बरं झालं तरी विचारल्याशिवाय यायचं नाही म्हणून सांगितलं.

६ मार्च

बराबर केलं. बिलकुल बराबर केलं. तरी जेवण गेलं नाही.

७ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंचं नवीन खूळ. कुठल्याशा विलायती मासिकात आलंय म्हणे की बाळंतरोगाचे जंतू कधी कधी धडधाकट माणसाच्या घशात मुक्काम ठोकून असतात आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. म्हणून सगळ्यांचे घसे तपासायचे. काडीला कापूस गुंडाळून घशातून फिरवायचा, काचेच्या नळीत घालायचा आणि हैदराबादला पाठवायचा.

धडधाकट माणसाच्या! मग अख्खं जालना संशयित.

पण त्यांचं समाधान होऊ दे. कडूबाने तोंड उघडलं आणि काडी लागताच ओकारी काढली. डॉक्टरीणबाईंनी स्वतःची नळी माझ्याकडून भरून घेतली, माझी त्यांनी भरली. चतुराबाईला निरोप धाडून बोलावलं; तिचा घसाही घेतला आणि बोटाचा पूसुद्धा. ती माझ्याकडे न बघता आली, न बघता गेली. टेबलाखालचा पापुद्रा मी आठवणीने एका नळीत घातला. नंदाबाईची एक नळी डॉक्टरीणबाईंनी ती जिवंत असतानाच भरून ठेवली होती. सहा माणसा-लाकडाच्या नळ्या आणि एक तिची.

आता पैज लावते — पापुद्रा नाही तर बोट.

८ मार्च

नळ्या कडूबाबरोबर रेल्वेने हैदराबादला गेल्या. लेकरू सांभाळावं तशी पेटी मांडीवर घेऊन बसला होता.

११ मार्च

चार दिवस हाडं मोडून काम. टेबल उलटं केलं, रंध्याने लाकडाचा एक थरच उतरवून घेतला, मग उकळतं पाणी, मग लायसोल, मग तीन दिवस ऊन. सुतार म्हणाला, "बाई, नवं टेबल सस्त्यात पडलं असतं." नवीन मागितलं तर अर्ज औरंगाबादेत वर्षभर फिरेल, हे त्याला काय माहीत.

खिडक्या-दारांच्या फटींना खळीने कागद चिकटवले आणि खोलीत गंधक पेटवून दिलं. एक दिवस एक रात्र. उघडलं तेव्हा कोपऱ्यात दोन पाली मरून पडल्या होत्या. मग सगळीकडे चुना. खोली अशी पांढरी झाली की आत जाताना डोळे मिटतात.

डॉक्टरीणबाईंचा हुकूम — हैदराबादचा कागद येईपर्यंत बाळंतिणीजवळ जाताना प्रत्येकाने तोंडाला चौपदरी फडकं बांधायचं. बांधते. या उकाड्यात! श्वास आपलाच आपल्याला परत मिळतो.

१२ मार्च, शनिवार

उमा आली! बैलांच्या दमणीतून उतरली ती आधी पोट, मग उमा. मी सकाळीच तिला घ्यायला वेशीपर्यंत गेले होते. गळ्यात पडून रडली, मग लगेच म्हणाली, "अक्का, तुझ्या अंगाला दवाखान्याचा वास येतो." म्हटलं, तोच वास तुला सुखरूप घरी पाठवणार आहे.

मी तिकडे असताना इकडे अंतरवाली सराटीच्या एका सुनेचं बाळंतपण डॉक्टरीणबाईंनी एकटीने उरकलं. नव्या पांढऱ्या खोलीतलं पहिलं. मुलगा.

उमा आली म्हणून त्यांनी मला आठवडाभराची सुटी दिली. घरी दोघीच. तिला रोज तेल लावीन, तिच्याशी भांडेन. खूप वर्षांनी घरात बोलणं आहे.

१८ मार्च

अंतरवालीची सून आज सातव्या दिवशी घरी गेली. ताप नाही! एक दिवसही नाही! डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम निरोप पाठवला.

तिच्या सासूने पाचवीला गुपचूप पाटा-वरवंटा आणून पुजला आणि माझ्या नव्या चुन्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. निरोप मिळताच कामावर गेले तर भिंतीवर सटवाई! एरवी मी आकांत केला असता. आज म्हटलं, बाई गं, लिहून झालं असेल तर उठ. आणि लायसोलचा बोळा फिरवला.

म्हणजे टेबलच. किंवा बोट. किंवा दोन्ही. तीन आठवडे मागितले होते, दोनच लागले. जीव भांड्यात पडला.

डॉक्टरीणबाई मात्र म्हणतात, "एका बाईवरून काही ठरत नाही. कागद येऊ द्या." फार शिकलं की माणसाला आनंद करता येत नाही.

२५ मार्च, शुक्रवार

मुलगी! उमाला मुलगी झाली. दुपारी तीनला. सव्वासहा पौंड, डोक्यावर हे एवढं जावळ, आणि रडणं असं की कडूबा बाहेरून ओरडला, "आली का मास्तरीन?"

क्रमाने लिहिते. कळा पहाटेच सुरू झाल्या. टांग्यातून आणली. खोली मी कालच परत धुऊन काढली होती. टेबलाखाली झोपून बघितलं होतं — लाकूड गव्हाळ, स्वच्छ, एक डाग नाही. आत निजवली तेव्हा मला कसली म्हणून भीती वाटली नाही.

उमाला मात्र वाटली. बारा वाजता तिचा धीर सुटला. पांढऱ्या भिंती, पांढरी फडकी, दोन बायकांचे नुसते डोळे. माझा हात धरून म्हणायला लागली, "अक्का, तूच आहेस ना? तुझं तोंड दिसू दे. मला तुझं तोंड दिसत न्हाई." डॉक्टरीणबाई बाजूला तसराळ्यातून चिमटे उचलत होत्या. मी फडकं गळ्यात ओढलं. काय करणार? चार वर्षांची असल्यापासून ती माझ्या तोंडाकडे बघून झोपलीये. तिच्या कपाळाला कपाळ लावून म्हटलं, ही बघ मी. आता लाव जोर.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. "द्वारकाबाई!" एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात डोकं दिसायला लागलं आणि कोणालाच बोलायला उसंत राहिली नाही.

दोन टाके पडले. आयोडीन लागलं तशी उमा ओठ चावून माझ्याकडे बघायला लागली, लहानपणी गुडघा फुटल्यावर बघायची तशी. मी फुंकर घालत बसले. किती वेळ घातली कोण जाणे. ती झोपली तेव्हा थांबले.

आई असायला हवी होती आज.

२६ मार्च

उमाने दोन वाट्या खीर खाल्ली आणि तिसरी मागितली. गिरिधररावांना तार केली. ताप नाही.

चतुराबाईचं नखुरडं बरं झालंय म्हणे. कडूबा सांगत होता. बघू, कागद आल्यावर.

२८ मार्च, सोमवार

हैदराबादचा कागद आला. टेबलाखालचा पापुद्रा — काही नाही. चतुराबाईचं बोट — दुसरेच जंतू, तिचा घसा स्वच्छ. कडूबा स्वच्छ. डॉक्टरीणबाई स्वच्छ. नंदाबाईच्या नळीत जे होते ते एकाच माणसाच्या घशात सापडले. माझ्या.

उमाला बाळंत होऊन आज तीन दिवस झाले. दुपारपर्यंत ताप नाही असं डॉक्टरीणबाई दारातून सांगून गेल्या. "अक्का, आत ये ना, पोरगी बघ कशी जांभया देऊन राह्यली," उमा हाका मारते आहे. मी पायरीवर बसले आहे.